मेंदूचं चित्र आणि रक्ताचा हिशेब

2017 सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या घरोब्यातल्या एका वहिनींच्या डोक्यात, डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा मागे एक गाठ निघाली. हळू वाढणारी होती, पण जागा वाईट. माणसाच्या बोलण्याचा कारभार जिथून चालतो, त्या भागाला अगदी खेटून. वहिनी मूळच्या सांगलीच्या. न्यू जर्सीत येऊन पस्तीस वर्षं झालेली. नोकरी इंग्रजीत, संसार मराठीत आणि हिशेब अजूनही पाढ्यांत. गाठ काढताना बोलणं जाऊ नये म्हणून शस्त्रक्रियेआधी त्यांच्या मेंदूचा 'फंक्शनल एम. आर. आय.' करायचा ठरला. त्यात मेंदूचा नुसता आकार दिसत नाही, तर कोणता भाग कोणत्या वेळी कामाला लागतो तेही दिसतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

रुग्णालयातून विचारणा झाली, की बाई स्वप्न कोणत्या भाषेत पाहतात? वहिनी म्हणाल्या, "स्वप्नात माझी आई येते, तिला कुठलं इंग्रजी!" मग मराठी शब्दांची यादी करून त्यांचं ध्वनिमुद्रण करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. एक नाम ऐकवायचं आणि वहिनींनी ओठ न हलवता, मनातल्या मनात त्याला शोभेल असं क्रियापद शोधायचं. पोळी म्हटलं की लाटणं, दिवा म्हटला की लावणं, दार म्हटलं की लोटणं. असे साठ शब्द मी आमच्या तळघरात बसून, कुत्र्याला बाहेर काढून, टेप केले.

सूचनांच्या कागदावर एक ओळ होती, की तपासणीच्या दिवशी चहा-कॉफी घेऊ नये. वहिनींना ती फार लागली. "फोटो काढायचाय ना माझ्या मेंदूचा? मग त्याला माझ्या चहाचं काय वावडं?" असं त्यांनी मला विचारलं. मी डॉक्टर नव्हे, विजेच्या उपकरणांत आयुष्य घालवलेला इंजिनिअर. उत्तर मला देता आलं नाही. ते शोधायला म्हणून मी वाचायला बसलो आणि सव्वाशे-दीडशे वर्षांच्या एका विलक्षण गोष्टीत शिरलो. ती वाचकांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझाही तोपर्यंत गैरसमज होता. ते यंत्र विचार पाहत नाही. मेंदूतल्या पेशींची वीजही पाहत नाही. ते रक्त पाहतं. डोकं चाललं की तिकडे रक्त धावतं, एवढ्या एका भरवशावर ते सगळं रंगीत चित्र उभं असतं. हा भरवसा कुणी आणि कसा मिळवला?

पहिला मान इटलीतल्या अँजेलो मोस्सोचा. जन्म 1846, मृत्यू 1910. तुरिन शहरात तो शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक होता. अपघाताने कवटीला भोक पडलेली काही माणसं त्याच्या पाहण्यात आली. अशा माणसाच्या कवटीच्या भोकातून मेंदू नाडीसारखा उडताना दिसतो, आणि ती उडी कागदावर रेघेने नोंदवायचं उपकरण मोस्सोने केलं होतं. त्यातला एक बेर्तिनो नावाचा शेतकरी. तो उपकरण लावून बसलेला असताना दुपारच्या बाराची चर्चची घंटा वाजली आणि त्याच्या मेंदूची रेघ एकदम उंचावली. हाताची नाडी मात्र होती तशीच. मोस्सोला शंका आली. त्याने विचारलं, घंटा ऐकून तुला प्रार्थनेची आठवण झाली का? बेर्तिनो हो म्हणाला आणि रेघ पुन्हा उंचावली. मग मोस्सोने त्याला आठ गुणिले बारा किती, असं विचारलं. पुन्हा तेच. आमच्या वहिनींना ही हकिकत सांगितली तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "बारा आठे शहाण्णव. एवढ्याला काय रक्त लागतं?"

कवटीला भोक नसलेल्यांसाठी मोस्सोने दुसरी युक्ती काढली. लाकडी फळ्यांचा एक मोठा तराजू. माणसाने त्यावर आडवं व्हायचं, डोक्याकडचं आणि पायांकडचं वजन अगदी बरोबरीत आणायचं, आणि मग त्याला विचार करायला लावायचा. मेंदूकडे रक्त चढलं तर डोक्याची बाजू खाली जाईल, असा हिशेब. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात या तराजूचं वर्णन केलं आहे. बौद्धिक काम किंवा भावना सुरू होताच डोक्याकडची बाजू खाली झुके, असं त्यात आहे. तराजू खरोखर मेंदूचंच रक्त दाखवत होता की श्वासाने आणि हातापायांच्या हालचालींनी हलत होता, याबद्दल मला शंका आहे. मोस्सोलाही असावी, कारण त्याने श्वासाचे हेलकावे वेगळे नोंदवण्याची खटपट केली होती. त्याची मूळ हस्तलिखितं पुष्कळ वर्षं कपाटात पडून होती. 2014 साली 'ब्रेन' या नियतकालिकात त्यांच्याविषयी लेख आला, तेव्हा जगाला पुन्हा त्याची आठवण झाली.

त्याच 1890 साली केंब्रिजमध्ये चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन या दोघांनी प्राण्यांवर प्रयोग करून एक निबंध लिहिला. शेरिंग्टनला पुढे 1932 साली नोबेल मिळालं, पण तेव्हा तो जेमतेम बत्तिशीचा होता. दोघांचं म्हणणं असं, की मेंदूचा जो भाग काम करतो तिथे रासायनिक द्रव्यं तयार होतात, ती आसपासच्या बारीक रोहिण्यांना रुंद करतात आणि त्यामुळे जिथे गरज तिथे रक्त पोचतं. म्हणजे मेंदूत मागणी तसा पुरवठा, आणि तोही वॉर्डावॉर्डातला स्थानिक. आज वाचताना हे इतकं साधं वाटतं, की यात शोध तो काय असं वाटावं.

पण सहाच वर्षांत लंडनच्या लेनर्ड हिलने हे सगळं खोडून काढलं. मेंदूतला रक्तप्रवाह हा नुसता शरीराच्या रक्तदाबामागे फरफटत जातो, मेंदूच्या कामाशी त्याचा संबंध नाही, असं त्याचं ठाम मत. हिलचा दबदबा मोठा आणि त्याचं मोजमाप त्या काळाच्या मानाने चांगलं. परिणामी रॉय-शेरिंग्टनची कल्पना तीसेक वर्षं जवळजवळ अडगळीत गेली. शास्त्रात चुकीच्या माणसापेक्षा काळजीपूर्वक चुकलेला माणूस जास्त वर्षं खातो, असं मला हे वाचताना वाटलं.

ती अडगळीतून बाहेर निघाली एका रोग्याच्या तक्रारीमुळे. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयात हार्वी कुशिंग या विख्यात शल्यविशारदाकडे सव्वीस वर्षांचा एक खलाशी आला. शास्त्रीय वाङ्मयात तो 'वॉल्टर के.' या नावाने अमर आहे. डोकं दुखे, नजर मंदावलेली. डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या भागावर, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांचा एक गुंताडा होता. कुशिंगने तो काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तिथलं हाड गेलेलं राहिलं. त्या जागी कान लावला की रक्ताच्या खळखळाटाचा आवाज ऐकू येई. वॉल्टरला स्वतःला तो आवाज ऐकू येत असे, आणि डोळ्यांनी काम केलं की आवाज वाढतो, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं.

इथे दुसरा कुणी डॉक्टर असता तर "बरं बरं" म्हणून पुढच्या खाटेकडे वळला असता. जॉन फुल्टन वळला नाही. त्याने तो आवाज यंत्रावर नोंदवला. वॉल्टर डोळे मिटून पडला की आवाज कमी. वर्तमानपत्रातला बारीक टाइप वाचायला लागला की काही सेकंदांत आवाज चढे. तंबाखूचा किंवा व्हॅनिलाचा वास दिला, तर काही फरक नाही. म्हणजे नुसतं लक्ष देऊन भागत नव्हतं, पाहायलाच लागत होतं. 1928 साली फुल्टनने हे छापलं. एका अशिक्षितवजा खलाशाने स्वतःच्या डोक्याकडे कान देऊन जे ओळखलं, ते हिलच्या मोजमापाला निसटलं होतं.

तरीही आकडे कुठे होते? ते आणले सीमोर केटी आणि कार्ल श्मिट या दोघांनी, फिलाडेल्फियात, 1940 च्या दशकात. युक्ती जुन्याच एका तत्त्वावर होती: आत किती गेलं आणि बाहेर किती आलं हे कळलं, की मधला प्रवाह काढता येतो. रोग्याला दहा मिनिटं नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा द्यायची, म्हणजे दंतवैद्याकडचा तो हसवणारा वायू, पण हसू येणार नाही इतका कमी, सुमारे 15 टक्के. एक सुई रोहिणीत, दुसरी मानेतल्या नीलेत, अगदी कवटीच्या बुडाशी. दोन्हीकडच्या रक्तातला वायू मोजत राहायचा. उत्तर आलं: दर 100 ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला सुमारे 54 मिलिलिटर रक्त आणि सुमारे 3.3 मिलिलिटर प्राणवायू. चौदाशे ग्रॅमचा मेंदू धरला तर मिनिटाला पाऊण लिटर रक्त. शरीराच्या वजनात दोन टक्के असलेला हा अवयव स्वस्थ बसल्या बसल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा खातो, आणि समोर आलेल्या रक्तातला सुमारे तिसरा हिस्सा प्राणवायूच उचलतो, बाकीचा तसाच परत जाऊ देतो. हा परत जाणारा प्राणवायू लक्षात ठेवा. पुढे सगळी गंमत त्याच्यात आहे.

केटीच्या पद्धतीत उणीव एकच, पण मोठी. ती सबंध मेंदूचा एकच आकडा देते. 1955 साली लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी माणसांना मनातल्या मनात गणितं घालून पाहिलं, तर एकूण रक्तप्रवाहात आणि प्राणवायूच्या खपात काहीच फरक पडला नाही. गणित करा की छताकडे बघत पडा, बिल तेवढंच. आपल्याला वाटतं, डोकं चालवलं की फार शक्ती खर्च होते. ते खरं नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलांना तुपाचा चमचा जास्त वाढणाऱ्या आयांची मी आधीच क्षमा मागतो. मात्र त्याच वर्षी बेथेस्डा इथे केटी-सोकोलॉफ मंडळींनी मांजरांना किरणोत्सारी वायू देऊन दाखवलं, की डोळ्यांवर प्रकाश टाकला तर मेंदूतल्या दृष्टीच्या मार्गावर रक्त वाढतं. एकूण बिल तेच, पण एका खोलीतला दिवा वाढतो. फक्त ते चित्र मिळवायला मांजर मारावं लागे.

जिवंत माणसात असं चित्र काढायचं काम स्वीडनच्या लुंडमध्ये डेव्हिड इंगवार आणि डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये नील्स लासेन यांनी पुढे नेलं. मानेतल्या रोहिणीत झेनॉन वायूचं किरणोत्सारी रूप सोडायचं आणि डोक्याच्या बाजूला 254 शोधक नळ्या लावून किरण टिपायचे. संगणकाच्या पडद्यावर रंगीत मेंदू पहिल्यांदा दिसला तो इथे, 1970 च्या दशकात. मग सेंट लुईसला वॉशिंग्टन विद्यापीठात पॉझिट्रॉन टोमोग्राफी, म्हणजे 'पेट', आली आणि सुई रोहिणीत न खुपसता सबंध मेंदू कापाकापांनी दिसायला लागला. त्यासाठी लागणारा किरणोत्सारी प्राणवायू दोन मिनिटांत निम्मा होतो. म्हणून तो बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र त्याच इमारतीत लागतं, आणि नळीतून आला की धावपळ.

इथे मात्र जरा थांबायला हवं. 1986 साली सेंट लुईसच्या पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांनी माणसांच्या बोटांच्या टोकांना थरथर दिली आणि मेंदूतल्या स्पर्शाच्या भागात दोन्ही गोष्टी मोजल्या, रक्त आणि प्राणवायूचा खप. रॉय-शेरिंग्टनपासून सगळ्यांची समजूत अशी, की हे दोन्ही हातात हात घालून वाढत असणार. खप वाढला म्हणून पुरवठा वाढला. आकडे आले ते असे: रक्त वाढलं 29 टक्के, प्राणवायूचा खप वाढला 5 टक्के. दोन वर्षांनी दृष्टीच्या भागात पाहिलं. रक्त 50 टक्के, साखरेचा खप 51 टक्के आणि प्राणवायू पुन्हा 5 टक्के. रक्ताचा पूर येतोय आणि त्यातला प्राणवायू कुणी फारसा घेतच नाही!

हे मला आपल्या लग्नाच्या पंगतीवरून कळलं. एका पानावर कुणी जिलेबी मागितली, की वाढपी एक जिलेबी घेऊन येतो का? तो सबंध ताट घेऊन येतो. दोन जिलेब्या पानात पडतात आणि बाकीचं ताट जवळजवळ भरलेलंच मुदपाकखान्याकडे परत जातं. मेंदूतही तसंच. काम सुरू झालं की रक्ताची ताटावर ताटं येतात, पेशी थोडंच उचलतात, आणि नीलांमधून परत जाणाऱ्या रक्तात नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू शिल्लक असतो.

वाढप्यांना बोलावतं तरी कोण? पानावरची जिलेबी संपली म्हणून ते येतात, हा जुना समज. 2001 साली सेंट लुईसच्याच मंडळींनी माणसांना कमी प्राणवायूची हवा देऊन दृष्टीचा प्रयोग केला. प्राणवायूची टंचाई ही जर हाक असती, तर रक्त आणखी जोरात धावायला हवं होतं. तसं झालं नाही. आज मानतात ते असं, की पेशींमधला निरोप देणारी द्रव्यं जाता जाता रोहिण्यांनाही इशारा देतात, काही थेट, काही शेजारच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींमार्फत. म्हणजे पान रिकामं व्हायच्या आधी, यजमानाच्या नजरेनेच वाढपी निघालेले असतात. एवढी उधळपट्टी मेंदू कशासाठी करतो, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

आता चुंबकाकडे. मायकेल फॅरडेने 1845 च्या नोव्हेंबरात वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं होतं. ते चुंबकाकडे ओढलं गेलं नाही, उलट किंचित दूर सरलं. ताजं, पातळ रक्तही पाहायला हवं अशी नोंद त्याने वहीत केली आणि ते राहून गेलं. ते काम एक्क्याण्णव वर्षांनी, 1936 साली, कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी केलं. हीमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलेला असेल तर चुंबकाला त्याचं सोयरसुतक नाही. प्राणवायू सोडून दिला की तेच हीमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं. चौपन्न वर्षं या माहितीचा मेंदूशी कुणी संबंध लावला नव्हता.

तो लावणारा माणूस आमच्या गावापासून वीस मिनिटांच्या रस्त्यावर काम करत होता, याची मला लाज वाटते. मरे हिल इथल्या बेल लॅबोरेटरीजवरून मी कितीतरी वेळा मोटार हाकली असेल. 1947 साली तिथे ट्रान्झिस्टर जन्मला हे आम्हा इंजिनिअरांना पाठ. पण तिथेच सेइजी ओगावा नावाचे एक जपानी शास्त्रज्ञ उंदरांच्या मेंदूचे एम. आर. आय. काढत होते, हे ठाऊक नव्हतं. त्यांचं चुंबक 7 टेस्लाचं, म्हणजे रुग्णालयातल्या नेहमीच्या यंत्राच्या चार-पाच पट. चित्रांत बारीक काळ्या रेघा दिसत. उंदराला शुद्ध प्राणवायू दिला की रेघा नाहीशा. साधी हवा दिली की पुन्हा हजर. त्या रेघा म्हणजे नीला होत्या. प्राणवायू सोडलेलं हीमोग्लोबिन आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं आणि तेवढं चित्र काळवंडतं. ओगावांनी परीक्षानळीत दोन्ही तऱ्हेचं रक्त घालून खात्री केली आणि 1990 साली जाहीर केलं. त्या परिणामाला त्यांनी दिलेलं 'बोल्ड' हे संक्षिप्त नाव आज जगभर चालतं.

आता फॉक्स-रेकलचे आकडे आणि ओगावांच्या रेघा शेजारी ठेवून पाहा. मेंदूचा भाग काम करू लागला, पूर आला, प्राणवायू उरला, नीलांमधलं रक्त जास्त लाल झालं, काळेपणा कमी झाला, चित्र किंचित उजळलं. रक्त आणि प्राणवायूचा खप जर अगदी बरोबरीने वाढले असते, तर परत जाणाऱ्या रक्तात बदल नगण्य असता आणि यंत्राला दाखवायला फारसं काही उरलं नसतं. आज जगभरात चालणारा हा सगळा कारभार त्या 29 आणि 5 मधल्या तफावतीवर उभा आहे. यंत्र जेवणाऱ्याकडे बघतच नाही. ते मुदपाकखान्याच्या दारात उभं राहून परत येणारी ताटं मोजतं.

पुढचं भराभर घडलं. 1991 साली बॉस्टनमध्ये केनेथ क्वाँग, मिनियापोलिसमध्ये ओगावा आणि कामिल उगुर्बिल यांची मंडळी, आणि मिलवॉकीत पीटर बँडेटिनी नावाचा विद्यार्थी व त्याचे सहकारी, तिघांनी वेगवेगळं माणसांवर हे करून पाहिलं. 1992 साली तिघांचेही लेख छापून आले. डोळ्यांपुढे दिवे लुकलुकवले की डोक्याच्या मागचा भाग दोन-तीन टक्क्यांनी उजळला. सुई नाही, किरणोत्सार नाही. ब्रिटनमधल्या पीटर मॅन्सफील्डने 1977 साली सुचवलेली झटपट चित्र घेण्याची पद्धत इथे कामाला आली. 2003 च्या नोबेलमध्ये पॉल लॉटरबरबरोबर त्याचा वाटा आहे. ओगावांना ते मिळालं नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता वहिनींच्या चहाचं उत्तर. ताटं मोजायची तर वाढप्यांची तब्येत ठीक हवी. कॉफी-चहातलं कॅफीन मेंदूतल्या रोहिण्या आवळतं. रक्तप्रवाह पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतो. श्वास रोखला तर उलट. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रोहिण्या सताड उघडतात. पेशी तेच काम करत असतात, पण चित्र बदलतं. शिवाय ते उजळणं ही एक गोष्ट नसते. रक्ताचा वेग, वाहिन्यांत मावणारं रक्त आणि प्राणवायूचा खप, या तिन्हींची गोळाबेरीज एका आकड्यात येते. 1998 साली बॉस्टनच्या संशोधकांनी माणसांना कार्बन डायऑक्साइड हुंगायला देऊन, नुसतं रक्त वाढलं तर चित्र किती उजळतं हे आधी मोजलं आणि त्या फुटपट्टीने खरा खप काढायची रीत घालून दिली. ती किचकट असल्याने रोजच्या कामात फारशी वापरत नाहीत. आणि चित्र उशिराही येतं. पेशी क्षणात बोलतात. पूर कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात.

हे सगळं मी वाचत होतो तोवर वहिनींची तपासणी झाली. पहिला अहवाल आला तो आनंदाचा. मराठी शब्दांच्या वेळी गाठीशेजारी काहीच उजळलं नव्हतं. उजव्या बाजूला मात्र थोडं उजळलं होतं. अहवालात लिहिलं होतं, की गाठ हळू वाढत असल्याने बोलण्याचं केंद्र बहुधा उजवीकडे सरकलं असावं. म्हणजे गाठ निर्धास्त काढायला हरकत नाही. वहिनींच्या घरी त्या संध्याकाळी शिरा झाला.

मला शिरा गेला नाही. मी भीत भीत त्यांच्या यजमानांना म्हटलं, "अहो, चित्र अंधारं आहे याचा अर्थ तिथे कुणी जेवत नाही असा होत नाही. वाढपी आजारी असतील." गाठीच्या आसपासच्या वाहिन्या बिघडलेल्या असतात, कायमच्या ताणून उघड्या राहिलेल्या असतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. वॉल्टरच्या गुंताड्यासारखं नसलं तरी त्याच जातीचं दुखणं. आगाऊपणा वाटला असेल, पण त्यांनी दुसरं मत घेतलं. दुसऱ्या ठिकाणच्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचला आणि एकच विचारलं, "यांना श्वास रोखायला लावला होता का?" लावला नव्हता. त्यांनी लावला. पंधरा-पंधरा सेकंद, पाच वेळा. सगळा मेंदू उजळला, फक्त गाठीभोवतीचा एक पट्टा अंधारा राहिला. पेशींचा प्रश्नच नव्हता. तिथल्या वाहिन्या हाक मारली तरी हलतच नव्हत्या. तेव्हा मराठीच्या वेळचा तो अंधार पुरावा म्हणून बाद.

म्हणून शस्त्रक्रिया वहिनींना जागं ठेवून करायची ठरली. मेंदूला स्वतःला दुखत नाही. विजेच्या बारीक टोचणीने एकेक जागा तपासता येते आणि बोलणं अडलं की ती जागा सोडायची. शस्त्रक्रियेच्या खोलीत मराठी कळणारं कुणी नव्हतं. मी एक ते तीस आकडे आणि बाराचा पाढा रोमन अक्षरांत लिहून, कुठे अडखळलं तर कसं ऐकू येईल याच्या खुणा करून, तिथल्या वाचातज्ज्ञ मुलीला दिला. तिने दोन दिवसांत पाठ केला. वहिनी म्हणतात, तिचा 'ळ' चांगला होता.

वहिनी मोजत होत्या. तेरा, चौदा, पंधरा. टोचणी गाठीच्या मागच्या कडेला टेकली आणि सोळा आलाच नाही. ओठ हलत होते, शब्द नव्हता. टोचणी उचलली, सोळा आला. तीन वेळा तीच जागा, तीन वेळा तेच. डाव्या बाजूला, त्या अंधाऱ्या पट्ट्यात. शल्यविशारदांनी तेवढा भाग, गाठीच्या एका कोपऱ्यासकट, जागच्या जागी ठेवला. त्या कोपऱ्यावर दर सहा महिन्यांनी नजर ठेवतात.

पहिला अहवाल आणि त्याची चित्रं वहिनींनी फेकू दिली नाहीत. स्वयंपाकघरातल्या खणात, विम्याच्या कागदांखाली आहेत. परवा गेलो होतो तेव्हा चहा टाकता टाकता त्यांनी ती काढून दाखवली आणि त्या काळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "बघा, माझा सोळा इथे राहतो."